ध्वनिवर्धकाची बैठक

बीड जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं हरिनाम सप्ताह बसला, म्हणजे रात्रीच्या कीर्तनास सारा गांव लोटतो. शेतांतून परतलेलीं माणसें, लेंकुरवाळ्या बाया, शाळेचीं मुलें यांची मंडपांत दाटी होते. आणि सावकाश चालत येणारी वृद्ध मंडळी साहजिकच मागल्या बाजूस बसते. पुढें बसलेल्यांच्या कानठळ्या बसत असतात, आणि मागल्या म्हाताऱ्यांना बुवांच्या आवाजाचा केवळ घुमारा ऐकूं येतो; शब्द कळत नाहींत. दृष्टान्त रंगला कीं नाहीं, हें त्यांना पुढच्या लोकांच्या हंशावरून ताडावें लागतें. सप्ताह संपल्यावर पंचमंडळी बसते व ठरविते कीं, ध्वनिवर्धक लहान पडला. पुढच्या वर्षीं मोठा आणावा. वर्गणी वाढते, मोठा ध्वनिवर्धक येतो, आणि तोही पूर्वीच्याच डगमगत्या मेजावर, अगर एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसविला जातो. पुढच्या ओळीचा त्रास दुप्पट होतो; मागल्या म्हाताऱ्यांच्या पदरांत पुन्हा घुमाराच पडतो.

अशा वेळीं दोष बहुधा ध्वनिवर्धकाचा नसून त्याच्या बैठकीचा असतो. ज्याला बोलण्यांत स्पीकरचा स्टँड म्हणतात, ती तिवई अगर घोडी ही गोष्ट क्षुल्लक समजून सर्वांत शेवटीं, उरल्या पैशांत घेतली जाते. वस्तुतः थोड्या पैशांत ऐकण्यांत सर्वाधिक सुधारणा कशानें होत असेल, तर ती या बैठकीनें. शिवाय वीस किलोंचें खोकें माणसांच्या डोक्यांवर उभें करावयाचें, म्हणजे ती जिवाच्या सुरक्षिततेचीही बाब आहे. म्हणून स्वस्तांतली परंतु भरंवशाची बैठक कशी निवडावी, ती कोणत्या पदार्थाची असावी, आणि पैसा कोठें खर्चावा व कोठें वांचवावा, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

उंचीचें महत्त्व जुन्या लोकांना पुरतें ठाऊक होतें. गांवाला कांहीं सांगावयाचें झालें, कीं सांगणारा पारावर उभा राही. देवळाचा नगारखाना महाद्वाराच्या माथ्यावर असे, आणि बांग मिनारावरून दिली जाई. त्या काळीं वीज नव्हती, यंत्र नव्हतें. उंची हाच त्यांचा ध्वनिवर्धक होता. यंत्र आल्यावर मात्र हें शहाणपण विसरलें गेलें, आणि आवाज वाढविणें म्हणजे बटण पिळणें अशी समजूत रूढ झाली.

शब्द कळण्याचें मर्म व्यंजनांत आहे. ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ या स्वरांत आवाजाचा भरणा असतो. परंतु ‘काळ’ कीं ‘साळ’, ‘पाप’ कीं ‘ताप’, हा भेद व्यंजनांवरून कळतो. या व्यंजनांचा बराचसा भाग सेकंदास दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास असतो. तीन हजार कंपनांच्या ध्वनीची लाट उन्हाळ्यांतील हवेंत सुमारें साडेअकरा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे माणसाच्या डोक्याहूनही लहान असते. तिला डोक्याला वळसा घालून पुढें जातां येत नाहीं. ती फेट्यांत, लुगड्यांत व केसांत मुरून जाते. उलट, सेकंदास दीडशें कंपनांच्या खर्ज ध्वनीची लाट सव्वादोन मीटरांहून अधिक लांब असते. ती माणसांच्या रांगांना सहज वळसा घालते. मागल्या म्हाताऱ्यांना घुमारा ऐकूं येतो आणि शब्द ऐकूं येत नाहीं, याचें कारण हें असें आहे. त्यांत उतारवयांत बारीक ध्वनि ऐकण्याची शक्ति आधींच उणावलेली असते. ज्यांना व्यंजनांची सर्वांत अधिक गरज, त्यांच्याच वाट्याला तीं सर्वांत कमी येतात.

यावरून एक सोपा नियम निघतो : ज्या श्रोत्याला बसल्या जागेवरून ध्वनिवर्धकाचें तोंड दिसतें, त्याला शब्द नीट ऐकूं येण्याचा संभव अधिक, ज्याला पुढच्या माणसाची पाठच दिसते, त्याला कमी. ही परीक्षा करावयास यंत्र लागत नाहीं. मंडप भरण्यापूर्वीं चारदोन माणसें पुढें बसवून, एकानें शेवटच्या ओळीच्या जागीं मांडी घालून बसावें व पाहावें, म्हणजे झालें.

उंचीचा दुसरा लाभ अंतराच्या गणितांत आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें, कीं आवाज सहा डेसिबल उतरतो. ध्वनिवर्धक बसलेल्या माणसांच्या कानांच्या पातळीवर ठेवला, आणि पहिली ओळ दोन मीटरांवर व शेवटची सोळा मीटरांवर असली, तर अंतर तीन वेळां दुप्पट होतें. म्हणजे पुढच्या व मागच्या श्रोत्यांच्या वांट्यांत अठरा डेसिबलांचा फरक पडतो. आतां तोच ध्वनिवर्धक जमिनीपासून तीन मीटर उंच चढवावा. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मनुष्याचा कान सुमारें पाऊण मीटरावर असतो. तेव्हां पहिल्या ओळीचें अंतर दोनाचें तीन मीटर होतें, शेवटच्या ओळीचें सोळा मीटरांहून किंचित् अधिक होतें, आणि फरक साडेचौदा डेसिबलांवर येतो. वांचलेले साडेतीन डेसिबल हे ध्वनिशक्तीच्या दुपटीहून अधिक आहेत. त्यांतच खोक्याचें तोंड शेवटच्या ओळींकडे किंचित् झुकविलें, तर पुढच्यांच्या डोक्यांवरून ध्वनीचा मुख्य झोत निघून जातो व अंतर आणखी मिटतें. यंत्राची शक्ति वाढविण्यास जो खर्च येतो, त्यापुढें उंच नळीचा खर्च कांहींच नाहीं.

उंचीबरोबर जागाही पाहावी लागते. ध्वनिवर्धक बुवांच्या पुढल्या ध्वनिग्राहकाच्या, म्हणजे माइकच्या, मागें ठेवल्यास त्यांतून निघालेला ध्वनि पुन्हा माइकमध्यें शिरतो व कर्कश शिट्टी सुरू होते. म्हणून दोन्ही तिवया माइकच्या पुढें, व्यासपीठाच्या दोहों बाजूंस उभ्या कराव्या. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सामान्यतः मनाई केलेली आहे, आणि निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. ज्या मंडपांत बैठक नीट आहे, तेथें आवाज थोडक्यांत भागतो, आणि शेजारच्या वस्तींतील आजारी मनुष्यास व अभ्यास करणाऱ्या मुलास त्याचा उपद्रव कमी होतो.

मात्र उंची वाढली, कीं तोल जाण्याचें भय वाढतें, आणि या ठिकाणीं स्वस्ताई महागांत पडते. तिवईला तीन पाय असतात, याचें कारण असें कीं, तीन पाय खडबडीत जमिनीवरही डगमगत नाहींत. चार पायांचें मेज डगमगतें. परंतु तीन पायांत एक उणीव आहे. पाय मध्यापासून पन्नास सेंटिमीटर पसरलेले असले, तर ज्या दिशेला पाय आहे त्या दिशेला तोल पन्नास सेंटिमीटरांपर्यंत सांभाळला जातो. परंतु दोन पायांच्या मधल्या दिशेला तो केवळ पंचवीस सेंटिमीटरांपर्यंतच सांभाळला जातो. तिवई पडते ती नेहमीं दोन पायांच्या मधून. सबब जिकडे खोकें झुकविलें असेल, त्या बाजूला एक पाय नेमका आला पाहिजे. पाय पूर्ण उघडून पसरावे. जागा अडते म्हणून ते अर्धवट मिटून ठेवणें हें संकटाला आमंत्रण होय.

वाऱ्याचें गणित तर प्रत्येक मंडपवाल्यानें पाठ करण्याजोगें आहे. चाळीस सेंटिमीटर रुंद व साठ सेंटिमीटर उंच असें वीस किलोंचें खोकें, सहा किलोंच्या तिवईवर, मध्य दोन मीटरांवर येईल असें बसविलें आहे असें समजावें. ताशीं छत्तीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्यानें त्यावर सुमारें पावणेदोन किलोंचा रेटा पडतो. तिवई तो सोसते. परंतु वारा दीडपट झाला, तर रेटा दीडपट न होतां सव्वादोनपट होतो. ताशीं चौपन्न किलोमीटरांच्या झोतांत तो चार किलोंच्या घरांत जातो. दोन मीटर उंचीवरचा चार किलोंचा रेटा म्हणजे पाडणारें बळ आठ. आणि सव्वीस किलो वजन पाव मीटरावर सांभाळणारें बळ साडेसहा. तिवई पडलीच. आतां तिच्या पायांवर वीस किलो वाळूचें एक पोतें ठेवलें, कीं सांभाळणारें बळ साडेअकरा होतें व तीच तिवई त्याच झोतांत उभी राहते. मराठवाड्यांत चैत्र-वैशाखांत वळवाच्या पावसापूर्वीं जो सोसाट्याचा वारा एकाएकीं सुटतो, तो असल्या झोतांचा असतो, आणि सप्ताहांचे व लग्नांचे दिवसही पुष्कळदां तेच असतात. एका पोत्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. तिवईला देणगीदारांचा कापडी फलक बांधण्याची चाल मात्र मोडलीच पाहिजे. तो फलक शिडाचें काम करतो व वरील सारें गणित उलथून टाकतो.

विकत घेतांना आणखी दोन गोष्टी पाहाव्या. नळी वरखालीं सरकवून स्क्रूनें आवळण्याची असली, तर केवळ स्क्रूवर विसंबूं नये. नळीच्या भोंकांतून आरपार जाणारी लोखंडी खीळ हवीच. दुसरें असें कीं, तिवई किती किलो भार पेलते, तो आंकडा खोक्याच्या वजनाच्या दीडपट तरी असावा. पुष्कळशा तयार खोक्यांच्या तळाशीं पस्तीस मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठीं खांच असते. तेव्हां नळीही त्याच मापाची आहे ना, हें मोजून घ्यावें. ढिल्या खांचेंत कापडाची चिंधी कोंबून भागविणें धोक्याचें आहे.

आतां पदार्थांचा विचार. सर्वांत सुलभ पदार्थ म्हणजे साधें पोलाद. बीड, माजलगांव, अंबाजोगाई, परळी अशा गांवीं लोखंडी दारें-खिडक्या जोडणारीं वेल्डिंगचीं दुकानें आहेत. तेथें तिवई अगर घरगुती बैठक सहज करून मिळते. लोखंड किलोच्या भावानें विकलें जातें, म्हणून किंमतीचा अंदाज वजनावरून आधींच करतां येतो. तीस सेंटिमीटर लांब-रुंद व सहा मिलिमीटर जाड अशी तळाची पट्टी सव्वाचार किलो भरते; दीड इंची मध्यम नळी मीटरास सुमारें साडेतीन किलो भरते. यांपासून केलेली अर्धा मीटर उंचीची घरगुती बैठक वरच्या लहान पट्टीसह सात किलोंच्या आसपास जाते. दुकानदारास लोखंडाचा भाव विचारून त्यास सातानें गुणावें व वर मजुरी धरावी, म्हणजे फसवणूक होत नाहीं. पोलादाचे दोष दोन : पोकळ नळी घंटेसारखी वाजते, आणि उघडें लोखंड गंजतें. पहिल्यावर उपाय वाळूचा. तीन इंची नळीच्या साठ सेंटिमीटर लांबींत सुमारें सव्वाचार किलो वाळू मावते; तिनें नळीचा नाद मरतो आणि वजनही वाढतें. मात्र वाळू धुऊन, चाळून, उन्हांत पुरती वाळविलेली असावी. ओली भरली तर नळी आंतून गंजते. दुसऱ्यावर उपाय तांबड्या अस्तराचा व त्यावर रंगाचा.

अॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश वजनाचें असतें. गांवोगांव फिरणाऱ्या भजनी मंडळास अगर मंडपवाल्यास तें सोयीचें. परंतु हलकेपणा वाहून नेतांना जितका गुण, तितकाच उभें राहतांना अवगुण. अॅल्युमिनियमची तिवई घेणारानें वाळूचें पोतें तिच्याच किंमतींत धरावें.

लाकडांत या मुलुखाची बाभूळ दुर्लक्षिली जाते. बैलगाडीचीं चाकें, नांगर, कुऱ्हाडीचे दांडे जिच्या लाकडाचे होत आले, ती जड, चिवट व घट्ट असते. घरगुती बैठकीस तिच्यासारखा स्वस्त व भक्कम पदार्थ विरळा. अट एकच : लाकूड मुरलेलें पाहिजे. ओली बाभूळ वाळतांना तडकते व पिळवटते. सागवान देखणें व स्थिर खरें, पण बैठकीच्या कामास त्याचा खर्च करण्याचें कारण नाहीं. आंब्याचें लाकूड स्वस्त, परंतु त्यास कीड लवकर लागते. भुसा व गोंद दाबून केलेल्या तयार फळ्यांचें वजन पुरेसें असतें आणि त्या फारशा वाजतही नाहींत. म्हणून कोरड्या घरांत त्या चालतात. परंतु फरशी पुसतांना कडांना पाणी लागलें, कीं त्या फुगतात, आणि एकदां सैल झालेला स्क्रू त्यांत पुन्हा धरत नाहीं. कडांना रंग अगर मेण लावून घेतल्यास आयुष्य वाढतें.

ज्यास बैठक हलवावयाची नाहीं, त्यास दगडविटांसारखा सोबती नाहीं. सारा बीड जिल्हा काळ्या पाषाणावर, बसाल्टवर, वसलेला आहे. या दगडाची तीस सेंटिमीटर चौरस व पांच सेंटिमीटर जाड फरशी तेरा किलो भरते. परळीच्या औष्णिक विद्युत् केंद्राच्या राखेपासून विटा होतात. त्या सारख्या मापाच्या व धारदार कडांच्या असल्यामुळें एकावर एक नीट बसतात. अशा विटांचा ठेंगणा खांब सिमेंटनें जोडून, वर पाषाणाची फरशी ठेवली, तर घरांतील अगर शाळेंतील लहान ध्वनिवर्धकास कायमची बैठक मिळते. विटा नुसत्या रचून मात्र ठेवूं नयेत. पोरांच्या धक्क्यानें त्या ढांसळतात. भिंतीवर लोखंडी हात बसविणें सर्वांहून स्वस्त, पण दगड-मातीच्या जुन्या माळवदी घराच्या भिंतींत खुंटी घट्ट धरत नाहीं. तेथें लाकडी खांबाचा किंवा तुळईचा आधार घ्यावा.

घरांतील उंचीचा हिशोब मंडपाहून निराळा आहे. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ तयार बैठका चोवीस इंच, म्हणजे सुमारें एकसष्ट सेंटिमीटर उंच असतात. हें माप खुर्चीवर बसून ऐकणाऱ्यांचें आहे. त्यावर लहान खोकें ठेवलें, कीं त्याचा बारीक सुरांचा भाग खुर्चींतील मनुष्याच्या कानाशीं येतो. जो श्रोता सतरंजीवर बसून ऐकतो, त्याचा कान पाऊण मीटरावर असल्यानें त्यास पंचेचाळीस सेंटिमीटरांची बैठक पुरते. म्हणजे जमिनीवर बसणारास उंची, वजन व किंमत तिन्हींत बचत होते. खोकें व बैठक यांच्या मध्यें सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे ठेवावे; खोकें घसरत नाहीं. तळाला टोंकदार खिळे असलेली बैठक शहाबादी फरशीवर ओरखडे काढते, आणि सारवलेल्या जमिनींत रुतते. तेथें सपाट तळच बरा.

राहिला एक भ्रम. महागड्या बैठकीनें आवाज गोड होतो, असें विक्रेते सांगतात. १९२५ सालीं राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनीं ज्या प्रकारचा ध्वनिवर्धक मांडला, तोच प्रकार अद्यापि बहुतेक खोक्यांत आहे : तारेचें वेटोळें कागदी पडदा हालवितें, व पडदा हवा हालवितो. लहान खोक्यांत हालणाऱ्या या भागाचें वजन दहाबारा ग्रॅम, आणि खोक्याचें सहा किलो, म्हणजे पांचशेंपट. पडद्याच्या झटक्यानें खोकें हालतें तें इतकें थोडें, कीं जी बैठक डुलत नाहीं व वाजत नाहीं, तिनें आपलें काम पुरें केलें. त्यापुढें दुप्पट पैसे मोजून कानास कळेल असें फारसें कांहीं मिळत नाहीं. बैठकीवर बोटाचें पेर ठोकून पाहावें. ‘टण्’ असा लांबणारा नाद आला तर वाळू भरावी, ‘ठक्’ असा बसका आवाज आला तर समाधान मानावें. मग पखवाजाची मुद्रिका लावून बैठकीवर तळहात ठेवावा. हातास झिणझिण्या जाणवल्या, तर कोठें तरी सांधा ढिला आहे.

तेव्हां खर्चाचा क्रम असा ठरतो : प्रथम योग्य उंची, मग रुंद व जड तळ, मग घट्ट सांधे व खीळ, आणि शेवटीं रंगरूप. पदार्थ कोणता, हा प्रश्न या सर्वांच्या मागून येतो, आणि त्याचें उत्तर बहुधा गांवांतच सांपडतें.

बीड जिल्ह्यांत परळी वैजनाथाची महाशिवरात्र, कपिलधारची कार्तिकी यात्रा, बीडच्या शहेनशाहवली दर्ग्याचा उरूस असे मोठे मेळे भरतात. आणि लहान गांवांतील सप्ताह, प्रवचनें, ग्रामसभा यांची तर गणतीच नाहीं. या प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी शेवटच्या ओळींत बसतो. ग्रामसभेंत त्याच्या कानीं ठराव पडला नाहीं, तर त्याचें मत वांया जातें. कीर्तनांत अभंगाचा अर्थ पडला नाहीं, तर त्याची रात्र वांया जाते. चार हात उंच नळी, तीन पसरलेले पाय व एक वाळूचें पोतें, एवढ्या सामग्रीनें त्याला त्याचा वांटा मिळूं शकतो. पुढच्या वर्षीं वर्गणीचा हिशोब मांडतांना पंचमंडळीनें मोठ्या ध्वनिवर्धकाचा भाव विचारण्यापूर्वीं एकदां शेवटच्या ओळींत मांडी घालून बसावें, आणि तेथून समोर काय दिसतें तें पाहावें.